कवीच्या नावापुढे शिंपी

पुस्तकांच्या नोंदी करणाऱ्या बाईला सगळे तोफ म्हणत. या तोफेची आणि एका आजीबाईंची भेट झाली, त्या दिवशी वाचनालयाच्या काचा फुटल्या नाहीत एवढंच. वाचकांनी पुस्तकं डोक्यावर धरली होती. पहारेकरी चहाला म्हणून जो सटकला, तो दुसऱ्या दिवशीच उगवला.

"कुठाय तो मुडदा, ज्याने माझ्या नवऱ्याला लग्नाआधीच मारलं?" आजीबाई गरजल्या.

"हळू बोला, वाचनालय आहे हे!" तोफ दुप्पट आवाजात म्हणाली.

ज्यूंच्या हिब्रू आणि यिद्दिश या भाषांतल्या पुस्तकांच्या लेखकांची नावं रोमन अक्षरांत नोंदवायची, हे तोफेचं काम. हिब्रूत स्वर बहुधा लिहीतच नाहीत. ते हिने पदरचे घालायचे. असं जन्मभर पदरचं घालून घालून स्वभावात गोडवा म्हणून काही शिल्लक राहिला नव्हता.

आजीबाईंनी काठीने कॉम्प्युटरचा पडदा ठोकला. त्यांच्या कवी नवऱ्याच्या नावापुढे मृत्यूचं साल होतं, ते त्यांच्या लग्नाच्या कितीतरी आधीचं.

"मग माझी चार पोरं कुणाची? सांग ना गं बये!"

तोफेच्या डोक्यात उजेड पडला आणि पाठोपाठ संताप उसळला. यिद्दिश बोलणाऱ्या ज्यूंमध्ये वारलेल्या आजोबांचं नाव नातवाला ठेवतात. धर्मग्रंथांवर भाष्य लिहिणारे आजोबा आणि कविता लिहिणारा नातू एकच माणूस समजून एका नोंदीत कोंबले होते. आणि कोंबणारी तीच होती.

"चूक माझी. आत्ता वेगळे करते. यांचं जन्मसाल सांगा."

"सासूबाईंना आठवायचं ते एवढंच, की तेव्हा थंडी फार होती."

जन्मसाल नसेल, तर लेखकाने पुस्तकावर स्वतःचा जो व्यवसाय छापलाय तो नावापुढे लावायचा, असा नियम. तोफेने कवितांचं पुस्तक काढलं. नावाखाली यिद्दिशमध्ये छापलं होतं: शिंपी.

आजीबाईंचा आवाज खाली आला. तो जास्त भयंकर होता.

"अख्खी गल्ली शिंपी म्हणून हाका मारायची. पँट आखूड झाली की शिव्या. एवढं एकच पुस्तक काढलं त्यांनी. इथे तरी कवी लिही."

तोफ दार न वाजवता साहेबांच्या खोलीत घुसली.

"मी कवी लिहिणार."

"पुस्तकावर काय आहे?"

"शिंपी. अहो, संकोचाने लिहिलंय ते!"

"संकोचाला नियमात जागा नाही, बाई."

"मग तो नियम घाला चुलीत!"

साहेबांनी शांतपणे खिडकी लावून घेतली. "तुम्ही पुन्हा आपल्या मनाने लिहिणार? मागे लिहिलंत, तर माणूस लग्नाआधीच मेला."

 तोफेने जाताना खोलीचं दार असं आपटलं की बिजागरी निखळली.

मग जागेवर येऊन तिने 'शिंपी' टाइप केलं. आजीबाई ते वाचून गेल्या, त्या पुन्हा आल्या नाहीत.