रिपोर्टचं दुसरं पान

बाबांच्या हृदयाच्या नसेत कॅल्शियम साचलं आहे, हे घरात सगळ्यांत आधी मला कळलं. मी ते पाच दिवस कोणालाही सांगितलं नाही. ज्या घरात इंग्रजी रिपोर्ट वाचणारं एकच माणूस असतं, त्या माणसासाठी मी हे लिहिते आहे.

बाबा अकोल्यात एका जिनिंगमध्ये ग्रेडर आहेत. गाडीतला कापूस पाहून त्याची प्रत ठरवणं हे त्यांचं काम. वय बावन्न, अंगाने काडी. शर्ट खांद्यांवर अडकवल्यासारखा दिसतो, पोट तेवढं थोडं पुढे. हृदयाचे आजार जाड माणसांना होतात, असंच आमच्या घरी सगळे धरून चालायचे.

दिवाळीनंतर त्यांना सारखं पोट जड वाटायला लागलं. सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' निघालं, म्हणजे यकृतात चरबी. आई म्हणाली, "यायच्या अंगावर चरबी हाय तरी कुठं? मशीनच बिघडली असन."

मी अमरावतीला नोकरी करते, म्हणून तिथल्या हृदयरोगतज्ज्ञांची वेळ घेतली. त्यांनी बाबांच्या पोटाची कातडी दोन बोटांत धरली आणि म्हणाले, "काका, ही चिमटीत येते ती कातडीखालची चरबी. ती तुमच्याकडे नाहीच म्हणा. मला चिमटीत न येणारी बघायची आहे."

तिला 'व्हिसरल फॅट' म्हणतात. ती पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृताभोवती साठते. वजनकाट्यावर ती वेगळी कळत नाही. बारीक माणसातही ती असू शकते. ती जास्त असली की शुगर, कोलेस्ट्रॉल बिघडतं आणि हृदयाला धोका वाढतो. डॉक्टरांनी सीटी स्कॅन लिहून दिला. त्यातच 'कॅल्शियम स्कोअर' होता, म्हणजे हृदयाच्या नसांच्या भिंतीत कठीण थर किती साचलाय त्याचं मोजमाप.

स्कॅनला इंजेक्शन लागलं नाही. झोपायचं, सांगितलं की श्वास धरायचा. पाच-दहा मिनिटांत बाबा बाहेर आले आणि म्हणाले, "एवढंच?" तिथल्या टेक्निशियनने मला स्क्रीनवर बेंबीच्या पातळीवरचा एक काप दाखवला. चरबी काळसर दिसते. बाहेरची कडा अगदी पातळ होती आणि आत सगळीकडे काळं पसरलेलं. बाबांना इतकं आतून पाहायला मला अवघड वाटलं. मी लगेच नजर काढून घेतली.

बाबा अकोल्याला परत गेले. मंगळवारी रिपोर्ट माझ्या मोबाईलवर आला. दोन पानं. पहिल्या पानावर चरबी होती. दुसऱ्यावर लिहिलं होतं की हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणाऱ्या मुख्य नसेत बरंच कॅल्शियम आहे आणि विलंब न करता डॉक्टरांना दाखवावं.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. "आला का कागद? वाच."

मी पहिलं पान वाचलं. पोटात चरबी आहे, चालावं लागेल, तेल-तूप कमी. मग थांबले.

"झालं?"

"झालं," मी म्हणाले.

असं का केलं, ते मी बरेचदा स्वतःला विचारलं आहे. रविवारी पातूरच्या रस्त्याला काकांच्या शेतात नवसाचं रोडग्यांचं जेवण होतं. मला नोकरी लागावी म्हणून बाबांनीच तो बोलला होता आणि अर्ध्या जिनिंगला आमंत्रण देऊन बसले होते. डॉक्टरांची वेळ सोमवारची होती. चार-पाच दिवसांनी काय होतं, असं मी मनाशी म्हटलं. दुसरं कारण सांगायला लाज वाटते. ते वाक्य मला इंग्रजीत नीट कळलं होतं, पण आमच्या बोलीत बाबांना ते कसं सांगायचं, हे मला सुचत नव्हतं. त्यामुळे मी गप्प राहिले. गप्प राहणं मला नेहमीच सोपं जातं.

रविवारी शेतात गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजले. रोडगा म्हणजे जाड कणकेचा गोळा, फोडून तुपात कालवून वांग्याच्या भाजीबरोबर खायचा. काका तुपाचं भांडं घेऊन बाबांच्या पानाशी आले.

"पोरगी तं नाही म्हनते," बाबा म्हणाले.

"कोनाले? तुले? तुया अंगावर चरबी चढन तं आमी समोसे वाटू," काका म्हणाले. पंगत हसली. मीही हसले आणि तूप पडताना पाहत राहिले.

जेवणं झाल्यावर मोठं पातेलं उचलून देताना बाबा मध्येच खाली बसले. कपाळाला घाम, हात छातीवर. "जबडा दुखून राह्यला," एवढंच म्हणाले. गॅस झाला असेल म्हणून काका सोडा आणायला निघाले होते. तेव्हा मी पहिल्यांदा मोठ्याने बोलले. सोडा नको, गाडी काढा.

अकोल्याच्या दवाखान्यात ईसीजी काढला. हार्ट अटॅकच होता. मी मोबाईल पुढे केला. डॉक्टरांनी दुसरं पान वाचलं. "हा रिपोर्ट मंगळवारचा आहे. पेशंटला माहीत नव्हतं?"

आई माझ्याकडे पाहत होती. स्ट्रेचरवरून बाबा म्हणाले, "मले मालूम होतं, साहेब. मीच म्हटलं, सोमवारी पाहू."

लगेच अँजिओग्राफी झाली, म्हणजे नसांमध्ये औषध सोडून अडथळा कुठे आहे ते पाहणं. नस उघडी ठेवणारी बारीक जाळी, म्हणजे एक स्टेंट बसवला. आयसीयूबाहेरच्या खुर्चीवर मी तो रिपोर्ट किती वेळा वाचला, ते आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी वॉर्डात आई चहा आणायला गेली, तेव्हा बाबा बोलले. आवाज चढवला नाही.

"मी गाडीत कोपरापर्यंत हात घालतो अन् आतला कापूस काढतो. काहून? वरचा सारेच चांगला ठेवतात. तू मले वरचा दाखवला वं."

त्यांनी परत तो विषय काढला नाही. आईला अजून खरं माहीत नाही, आणि हेही मला टोचतं.

तुमच्या घरी कोणी बारीक असेल आणि पोट तेवढंच पुढे असेल, तर डॉक्टरांना विचारा. छातीसोबत जबडा दुखला, घाम फुटला, तर सोडा शोधत बसू नका. आणि रिपोर्ट तुमच्या हातात आला, तर तो तुमचा नसतो. ज्याचा आहे त्याला शेवटच्या ओळीपर्यंत द्या, तुटक्या शब्दांत का होईना.

बाबा आता रोज चालतात, गोळ्या घेतात. आम्हाला वेळेत दवाखान्यात पोचवणाऱ्या काकांनी स्वतःचंही पोट तपासून घेतलं. मागच्या महिन्यात बाबांचा नवा रिपोर्ट आला. मी अकोल्याला जाऊन समोर बसून वाचला. जिथे शब्द अडला तिथे थांबले, पण गाळला नाही. प्रत्येक ओळीनंतर बाबा म्हणत होते, "पुढं."

संपल्यावर त्यांनी कागद घेतला, मागची कोरी बाजू उलटून पाहिली आणि चपला घालून कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडे गेले. मी खिडकीतून पाहिलं. तो वाचत होता आणि बाबा मान खाली घालून ऐकत होते.

परत आल्यावर त्यांनी कागद माझ्या हातात दिला. "सारखंच निघालं," म्हणाले, आणि आईला चहा ठेवायला सांगितलं.