बंकटच्या अपिलाची साक्ष

पुण्याच्या लष्करी दवाखान्यातल्या बाकड्यावर महानंदा पदर आवळून बसली होती आणि मनातल्या मनात स्वतःच्या जिभेला शिव्या घालत होती. ह्या जिभेनंच घात केला होता. शेजारी तिचा नवरा बंकट, फौजेतला माजी नाईक, पाठ भिंतीला लावून दाराकडं बघत बसलेला. पलीकडं थोरले दीर मोहनराव. थोड्या वेळात अपिलाच्या मेडिकल बोर्डापुढं बोलावणं येणार होतं, आणि मोहनराव साक्ष द्यायला तयार नव्हते. एस्टीनं गेवराई सोडली तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद, "देवीला खोटं पाडणार न्हाई मी."

बंकट आधी असा नव्हता हो. भरतीला गेला तेव्हा अख्ख्या गावात त्याच्यासारखा हसरा गडी नव्हता. मग सरहद्दीवर त्याच्या पुढच्या गाडीखाली सुरुंग फुटला. त्या गाडीत सटवा होता, शेजारच्या गावचा, बंकटसोबतच भरती झालेला. त्याला बंकटनं गोळा केलं. गोळा केलं म्हणजे काय, ते तुमचं तुम्ही समजून घ्या. त्यानंतर त्याची झोप गेली, बोलणं आटलं. फौजेनं आधी दवाखान्यात ठेवला आणि शेवटी घरी धाडला. घरी तरी कुठला निवांतपणा! गोदावरीतली वाळू भरलेले हायवा ट्रक दारावरून धडधडत जातात. एखाद्याचा मागचा लोखंडी फाळका आपटला की बंकट भरल्या ताटावरून उठून थेट बाजेखाली. "लई पीत असंल," म्हणून मोकळी होणारी माणसं गावात काय कमी होती? त्यानं दारूला कधी हात लावला नव्हता.

आणि महानंदानं काय केलं होतं? फौजेच्या दवाखान्यात ती पहिल्यांदा भेटायला गेली, तेव्हा एका डॉक्टरनं विचारलं, "घरात आणखी कुणाला असं काही होतं का?" तिला वाटलं, आपण देवाधर्माच्या घरचे आहोत हे कळू द्यावं, सायेब जरा मानानं वागवतील. मोठ्या तोऱ्यात म्हणाली, "मामंजींच्या अंगात यायचं. भानच राहायचं न्हाई त्यांना. लांबून लांबून माणसं पाया पडायला यायची."

डॉक्टर पडला परमुलखातला. त्यानं लिहून टाकलं, वडिलांनाही मनाचा आजार. झालं! आजार रक्तातला, नोकरीशी संबंध नाही, अपंगत्वाची पेन्शन नामंजूर. पेन्शनीचं दुःख होतंच, पण बंकटला लागलं ते वेगळंच. "मंजी मी घरूनच येडा गेलतो व्हय?" एवढं तो म्हणाला आणि मग महिनाभर कुणाशी बोललाच नाही. ते वाक्य महानंदाला आजही घास गिळू देत नव्हतं.

माजी सैनिकांची कामं बघणारे सुभेदार सुंदरराव म्हणाले होते, "वहिनी, सगळं त्या एका वाक्यापाशी अडलंय. वडील शुद्धीत असायचे, एवढं थोरल्या मुलानं बोर्डापुढं सांगितलं की काम होईल."

आता पंचाईत बघा. वडिलांच्या माघारी देवी येत होती ती मोहनरावांच्याच अंगात. नवरात्रात हलगी कडाडली की गाव त्यांच्या पायावर. वडील शुद्धीत होते म्हणायचं, तर मोहनरावांनी कुठल्या तोंडानं गावात फिरायचं?

आतून नाव पुकारलं. टेबलामागच्या कर्नलसाहेबांना मराठी येत होतं, हे एक बरं झालं.

"काय त्रास होतो?" त्यांनी विचारलं.

बंकट खाडकन सावधानमध्ये उभा राहिला. "कुछ नहीं सर! एकदम ठीक!"

महानंदाला वाटलं, भिंतीवर डोकं आपटावं. समोर अधिकारी आला की ह्या माणसाला दुसरं उत्तरच येत नाही. "अवो, बाजेखाली जाता ते सांगा की!" ती न राहवून म्हणाली. बंकट छताकडं बघत राहिला.

कर्नल मोहनरावांकडं वळले. "तुमचे वडील आजारी होते?"

"न्हाई सायेब. देवी यायची त्यांच्या अंगात."

"तेव्हा भान जायचं?"

"देवी आली की..." मोहनराव म्हणाले आणि थांबले. कर्नलनी पेन उचललं. आता ते लिहिणार आणि सगळं पुन्हा तसंच होणार, हे महानंदाला लख्ख दिसलं. लग्न झाल्यापासून ह्या दिरासमोर तिनं मान वर केली नव्हती. ती उठली.

"भान होतं, सायेब. हलगी वाजायला लागली की मामंजी आधी चष्मा आन् घड्याळ काढून माझ्या हातात द्यायचे. जपून ठीव म्हणायचे. मग देवी यायची."

कर्नल हसले नाहीत. मोहनरावांनी तिच्याकडं रोखून बघितलं. संपलं, हे घर आपल्याला बंद झालं, असं तिला वाटलं. मग त्यांची नजर भावाकडं गेली. बंकट अजून सावधानमध्येच होता. मानेवरून घाम ओघळत होता.

"खरं हाय ती म्हणती ते," मोहनराव खाली बघत म्हणाले. "माज्या बी अंगात येतं, सायेब. मी बी घड्याळ काढून ठिवतो." मग एकदम आवाज चढला. "आमच्या घरात कुणी येडं न्हाई! ह्यो धडधाकट गेलता. तुमीच त्याला असा धाडला."

"दादा," बंकट पुटपुटला, "काहून सांगितलं?" आणि सावधान सोडून मटकन खुर्चीत बसला.

अपील मंजूर झालं. आजार नोकरीत जडला, हे पत्रातलं वाक्य बंकटनं महानंदाकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं.

पुढं नवरात्र आलं. संध्याकाळी देवळापुढं हलगी कडाडली. दरवर्षी ह्या वेळी सगळं घर देवळात असायचं आणि बंकट एकटा घरी, बाजेखाली. लोक मोहनरावांची वाट बघत होते, आणि मोहनराव कुठं दिसेनात. महानंदाला घरी एकट्या असलेल्या बंकटची आठवण झाली. आरतीचं ताट तिथंच ठेवून ती धावत घरी आली.

बंकट बाजेखाली होता, गुडघे पोटाशी घेतलेले. बाजेशेजारी जमिनीवर मोहनराव फतकल मारून बसले होते, कपाळावर मळवट तसाच भरलेला. त्यांनी एक हात बाजेखाली घातला होता. मनगटावर घड्याळ होतं, आणि तो हात बंकटनं दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.