विमलताई कुरड्यांपासून लांब बसल्या ते वर्ष

चार बायका वर्षानुवर्षं एका गल्लीत राहिल्या, की किस्से माळ्यावरच्या डब्यांसारखे होतात. एक काढायला जावं तर चार अंगावर येतात! आमच्या रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या गल्लीचे सगळे माझ्याकडेच जमा. आमचे मिस्टर म्हणतात, "तू असताना गल्लीले कॅमेरा काहून पाहिजे?" म्हणोत बापडे. आज सांगते ते विमलताईंचे.

*

विमलताई आमच्या समोरच्या. माहेर वर्ध्याचं, मिस्टर रेल्वेतून रिटायर. दर उन्हाळ्यात गल्लीच्या कुरड्या त्यांच्याच गच्चीवर व्हायच्या. पहाटे गव्हाचा चीक शिजायचा आणि साचा ताईंच्या हातात. दुसऱ्या कोणी धरला तर लगेच, "अवं, कुरडई पाडून राहिली का जिलबी?"

आता त्या गच्चीवर सोलर बसलंय. पण मार्च लागला की माझ्या जिभेवर अजून तो गरम चीक येतो, गूळ घातलेला.

*

एका वर्षी ताई गच्चीच्या दारातच बसल्या. साच्याला हात लावेनात.

"काहून वं ताई?"

"मी लांब आहो."

पाळीतल्या बाईचा हात लागला की चीक लाल पडतो, हे आमच्यात पक्कं! पण ताईंची पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती. गेली तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते, मी दोन खाल्ले होते!

"वा! ताई पुन्हा जवान झाल्या!" मीच ओरडले. सगळ्या हसल्या, ताईसुद्धा. वर मीच सल्ला दिला, "उष्णता असंन, धन्याचं पाणी घ्या."

चौथ्या दिवशी न्हाऊन बाई मोकळी होते. ताई पाचव्या दिवशीही दारातच. सहाव्याही. मी मोजत होते. आता कोणी हसत नव्हतं.

*

कोपऱ्यावरच्या शीलाताई सरकारी ऑफिसात. त्यांच्या घरी ही शिवाशिव नाहीच. संध्याकाळी गच्चीवर आल्या, ऐकलं आणि कडाडल्या, "कुरड्या खराब होतीन म्हणून सगळ्या भिऊन राहिल्या, बाईचं काय? पाळी गेल्यावर एक थेंब दिसला तरी डॉक्टरकडं जा लागते! माह्या मावशीनं वर्षभर लपवलं होतं."

मावशीचं पुढं काय झालं, ते कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

*

समता कॉलनीतल्या डॉक्टरीणबाईंकडं ताईंना त्यांची कॉलेजात शिकणारी सून पिंकी घेऊन गेली. सोबत मी. (मी नाही तर कोण?)

"कब से है, आंटी?"

तेव्हा कळलं. कुरड्यांच्या तीन महिने आधीपासून अंगावरून पाण्यासारखं जात होतं, ओटीपोट दुखत होतं, अधूनमधून डागही पडत होता. मी समोर राहते आणि मला पत्ता नाही! पिंकी रडायला लागली, "मम्मी, बताया क्यों नहीं?"

"तुह्या परीक्षा होत्या ना वं."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हर बार कैंसर नहीं होता. पर हर बार देखना पड़ता है."

सोनोग्राफी झाली. मग गर्भपिशवीतला तुकडा तपासायला गेला. यावेळी तेच निघालं. पण पिशवीच्या बाहेर गेलं नव्हतं.

*

ऑपरेशनच्या सकाळी ताईंच्या मिस्टरांनी फॉर्मवर सही केली. स्ट्रेचरवरून ताईच सर्जनला म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, माहे दोन पोट्टे अन् एक पोट्टी त्याच घरात राहून गेले. जरा अदबीनं काढजा!"

सर्जन रायपूरचेच, मराठी अर्धीच कळली असावी. पण हात जोडून छत्तीसगढीत म्हणाले, "हव दाई." म्हणजे, हो आई.

*

आणि हा संक्रांतीचा. ताई बऱ्या होऊन पहिलंच हळदीकुंकू. कुंकू लावता लावता ताई पन्नाशीपुढच्या प्रत्येकीची हनुवटी धरून कानात विचारायच्या, "बंद झाल्यावर परत दिसते का वं?"

"काहीतरीच ताई!" बाया लाजून पळायच्या. मी वाण वाटत होते, कान अर्थातच तिकडं.

बीरगांवहून ताईंची चुलत नणंद आली होती. ताईंनी हनुवटी धरली, विचारलं. नणंद हसली नाही, लाजली नाही. तिनं हळूच होकाराची मान हलवली.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून, वहिनी."

ताईंनी कुंकवाची कोयरी माझ्या हातात दिली. नणंदेचा हात धरला, चपला घातल्या आणि भरल्या खोलीतून निघता निघता मला म्हणाल्या,

"बाकीच्यांले तू विचारजो!"