चरात उतरवलेले आण्णा

“आवं, चरातनं वर या आधी! फोटो छापला की गाव शेण घालंल तोंडात!” बांधावरून चुलती अशी ओरडली की कृष्णेपल्याडच्या म्हशींनी माना वर केल्या.

काल रसवंतीपुढं आंबलेल्या चिपाडांचा वास आला आणि शिरोळचं ते रान डोळ्यांपुढं उभं राहिलं. मी लहान असताना तिथं शेतीच्या मासिकाचा पत्रकार आला होता. आण्णा, म्हणजे माझे चुलते, असे धिप्पाड की त्यांना बघून दाराच्या चौकटी आपणहून सरकायच्या. त्यांच्यापुढं ऊस ठेंगणा दिसायला लागला, म्हणून पत्रकारानं त्यांना पाणी काढायच्या चरात कमरेएवढं उतरवलं. लगेच मागचा ऊस कॅमेऱ्यात थेट पन्हाळ्याच्या बुरजाला टेकला. मी तर हरखून गेलो.

चुलतीला मात्र पहिल्यापासून संशय. “ह्यो फोटो बघून पावणं हेच बियाणं नेत्यात. त्यांचंबी कुजलं की शिव्या आमास्नी!”

आण्णा वर आले आणि पत्रकाराचा दंड धरून त्याला पलीकडच्या तुकड्यात घेऊन गेले. तिथं तोच ऊस पाणी साचून बुडात काळा पडला होता आणि आंबूस वास मारत होता.

“ह्येचा काढा की फोटो. ही जात कुठं मार खाती, ते लिवा. आमी मासिक त्यासाठनंच घेतोय.”

तेव्हा मला वाटलं, आण्णांनी हातची प्रसिद्धी घालवली. आता कुठलीही यशोगाथा उघडली की मी आधी शेतकऱ्याचे पाय दिसतात का, ते बघतो.

पत्रकारानं नाकाला रुमाल लावला आणि कॅमेरा पिशवीत ठेवला.

“म्हंजे ह्ये छापणार न्हाय व्हय?” आण्णांनी विचारलं.

“कुजलेल्या उसाला पान मिळत नाही, काका.”