पुलावरची कोळिष्टकं

उबाल्दिनाकडे एकोणीस कोंबडे होते आणि कोंबड्या दोनच. वाल्देसांदो गावात याचं कुणाला हसू येत नसे. तिथला कोंबडा आरवण्यासाठी नसतो, रश्श्यासाठी तर नसतोच; तो पिसांसाठी असतो. चंद्र उतरतीला लागला की त्याला मांडीवर घ्यायचं, पाठीवरची पिसं एकेक करून उपटायची आणि बारा-बारांच्या जुड्या बांधून ठेवायच्या. त्या पिसाचे चार तंतू, वीतभर रेशीम आणि नखाएवढा गळ, एवढ्यावर उबाल्दिना अशी माशी बांधायची की नदीतल्या ट्राउट माशाला खरी-खोटी कळू नये. राखी कोंबड्याचं पीस गार पाण्याला, म्हणजे एप्रिलला. ठिपक्यांच्या तपकिरी कोंबड्याचं पीस जूनला, पाणी कोमट व्हायला लागलं की.

एवढं सगळ्या खोऱ्याला पाठ होतं. पण पाठ असून भागत नाही, कारण नदी काही भिंतीवरचं कॅलेंडर बघून वाहत नाही. आज संध्याकाळी नक्की कुठली माशी लावायची, हे उबाल्दिना सांगायची. सांगायची म्हणजे बोलायची नाही. रोज सकाळी एक माशी बांधून रेमिख्योच्या बारच्या दाराशी असलेल्या खिळ्याला अडकवायची नि घरी परतायची. कॉफी प्यायला आलेला गडी आधी खिळा बघायचा, मग रेमिख्योचं तोंड. चाळीस वर्षांत तो खिळा क्वचितच खोटा पडला. म्हातारीला हे कळतं कसं, यावर बारमध्ये पैजा लागत. कुणी म्हणे चंद्र बघते, कुणी म्हणे कोंबडे तिच्याशी बोलतात. ती कुणालाच खोडून काढत नसे.

खरी गोष्ट अशी, की तिनं आयुष्यात एकदाही गळ पाण्यात टाकला नव्हता. नदीत पाऊलसुद्धा ठेवत नसे. पोरवयापासून लग्नानंतर दहा वर्षांपर्यंत तिनं त्याच नदीवर गुडघे टेकून धुणी धुतली होती, बोटांच्या पेरांतून रक्त येईस्तोवर. घरात मशीन आलं त्या दिवशी तिनं पुलावर उभं राहून नदीला हात जोडले. आता तुझा रस्ता तुला, माझा मला.

तिची सगळी विद्या होती ती पुलावर. पुलाच्या कठड्याला एक दिवा आहे. संध्याकाळी पाण्यातून वर आलेल्या नदीमाश्या त्या दिव्यावर झेपावतात आणि कठड्याच्या कोळिष्टकांत अडकतात. सकाळी पाव आणायला जाताना उबाल्दिना थांबायची, चष्मा पुसायची आणि रात्रीचा हिशेब वाचायची. पंख राखी की पिवळट, अंग केवढं, शेपटीला केस किती. एखादा पंख काडेपेटीत घालून घरी न्यायचा आणि त्याच्या जोडीचं पीस शोधायचं. बस्स. हे नवरा फिदेन्स्योलाही ठाऊक नव्हतं, आणि फिदेन्स्यो तर तिच्याच गादीवर झोपत होता.

त्या वर्षी जूनचा पहिला आठवडा संपत आला होता. रविवारी खालच्या लुगारेखो गावाशी मासेमारीची पैज होती. सहा वर्षं सलग लुगारेखो जिंकत होतं आणि सहा वर्षं वाल्देसांदोचा हॅम, म्हणजे खारवून वाळवलेली डुकराची तंगडी, तिकडे जात होता. हरलेल्यानं जिंकलेल्याला अख्खी तंगडी द्यायची, हा रिवाज. हॅमचं एक वेळ सोडा, पण गेल्या साली लुगारेखोवाल्यांनी हाड परत पाठवलं होतं, रिबीन बांधून. यंदा कुणी आपली अक्कल न चालवता खिळ्यावर जी माशी लागेल तीच सगळे वापरणार, असं बारमध्ये ठरलं. जिंकलो तर उबाल्दिनामुळे. हरलो तरी तिच्याचमुळे.

शुक्रवारी सकाळी ती पुलावर आली आणि तिथंच थबकली. पूल धुतला होता. नुसता धुतला नव्हता, पाण्याच्या फवाऱ्याच्या मशीननं झोडपून काढला होता. कठड्याचा दगड पोरीच्या गालासारखा गुळगुळीत, दिव्याची काच लखलखीत, आणि कोळी एक नाही.

बारच्या दारात रेमिख्यो उभाच होता. गावचा प्रमुखही तोच, त्यामुळे पाहुण्यांसाठी पूल धुवायची कल्पनाही त्याचीच.

"मावशी, बघितलास का पूल? आज माझं नाव तुझ्या तोंडात आलं पाहिजे."

"आलंय," ती म्हणाली, "पण चारचौघांत घेण्यासारखं न्हाई."

तो हसला. तिनं पाव घेतला. खिळा रिकामा राहिला.

शनिवारी सकाळीही रिकामाच. एका कोपऱ्यात एक नवशिका कोळी कसाबसा धागा ताणत होता आणि त्यात एक डास होता, तोही बहुधा लुगारेखोचा. बारमधले गडी आता खिळ्याकडे बघून आवाज खाली करू लागले. जूनची तपकिरी लावून मोकळं व्हावं, असं तिच्या मनात दोनदा आलं. कोण नावं ठेवणार? पण फिदेन्स्यो परवा सहज बोलून गेलेलं तिला आठवत होतं. वरच्या तळ्याच्या काठाला अजून बर्फ आहे आणि गुराख्यांनी गुरं अजून वर नेलेली नाहीत, असं तो म्हणाला होता. म्हणजे त्या तळ्यातून उतरणारं पाणी... तिनं पुढचा विचार केला नाही. दुपारची जेवणं झाल्यावर ती फिदेन्स्योचे मांडीपर्यंतचे रबरी बूट घेऊन अंगणात आली.

फिदेन्स्योनं कोंबड्यांना दाणे टाकता टाकता बघितलं. त्याचे गुडघे गेले होते, बूट तीन वर्षं खुंटीला होते.

"चाळीस वर्सं म्हंतोय, चल नदीवर. तवा आली न्हाईस."

"तुझ्यासंगं येऊन काय बघायचं हुतं? झाडाला अडकलेले गळ?"

पुलाखालच्या वाळुंजाच्या झाडाला त्याचे गळ खरंच लटकत होते. काठी घेऊन तो मागोमाग निघाला आणि काठावरच्या दगडावर बसला.

ती पाण्यात उतरली. बूट तिला दोन माप मोठे होते, चालताना आतून कुणीतरी ओढल्यासारखं वाटे. तिनं एक धोंडा उलटा केला. खाली नदीमाश्यांची सहा पायांची काळपट पिल्लं सैरावैरा धावली. तिनं चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला, पण तिला पंख वाचता येत होते, पिल्लं नव्हे. पंख फुटण्याआधी ही कोण नि कुठली, ते तिला सांगता येईना. दुसरा धोंडा, तिसरा. चौथ्याला तिचे हात मनगटापर्यंत पाण्यात गेले आणि ती तशीच वाकून राहिली.

हे पाणी तिला ओळखीचं वाटलं.

तिनं कमरेचा एप्रन सोडला, पाण्यात बुडवला, धोंड्यावर आपटला आणि धुवायला लागली.

काठावर फिदेन्स्यो उभा राहिला, गुडघ्यांची पर्वा न करता. "अगं, घरी मशीन हाय."

"गप. मोजतेय."

खरंच मोजत होती. धुणं धुण्याच्या त्या वर्षांत घड्याळ नव्हतं, पण बोटं होती. जूनच्या पाण्यात एक अख्खी चादर निघायची, मग बोटं बधिर व्हायची. मेमध्ये अर्धी चादर. एप्रिलात उशीची खोळ निघाली तरी पुष्कळ. एप्रन काही खोळीपेक्षा मोठा नव्हता. एप्रनच्या कमरपट्टीपर्यंत धूत आली आणि बोटांतला जीव गेला. पुन्हा एकदा, उजवीकडून. पुन्हा पट्टीपाशीच.

ती सरळ झाली. "फिदेन्स्यो, हे जूनचं पाणी न्हाई. एप्रिलच्या शेवटाचं हाय."

"मग?"

"मग राखी कोंबडा."

घरी जाऊन तिनं बोटं चुलीशी शेकली आणि रात्रीच्या जेवणाच्या आत तेरा माश्या बांधल्या. बारा पैजेला उतरणाऱ्या सहा गड्यांसाठी, एक खिळ्यासाठी. रेमिख्योनं खिळा बघितला नि त्याचा चेहरा उतरला. जूनमध्ये एप्रिलची माशी. लुगारेखोवाले बघून हसत लोळतील, असं तो म्हणाला. मग तिच्या सुजलेल्या लाल बोटांकडे त्याचं लक्ष गेलं आणि तो माश्या वाटायला निघाला.

रविवारी लुगारेखोवाले खरोखर लोळले. दुपारपर्यंत. त्यांच्या तपकिरी माश्या पाण्यावरून मिरवणुकीसारख्या जात होत्या आणि एकही ट्राउट बघायला वर येत नव्हता. इकडे राखी माशी पडली की पाणी फुटायचं. मासा मोजपट्टीवर ठेवायचा, लांबी लिहायची आणि परत सोडायचा, हा नवा कायदा. धरलेला मासा सोडायचा असेल तर धरायचा कशाला, हे उबाल्दिनाला कधीच पटलं नाही. संध्याकाळी मोजणी झाली. वाल्देसांदो एकवीस, लुगारेखो चार. आणि त्या चारांतला एक, सगळ्यांनी मान्य केलं, आंधळा होता.

रात्री बारमध्ये ट्राउटचं सूप होतं. नदीतला सोडून दिल्यामुळे मासा बाजारातून आणलेला, पण पाव नि तिखट पाप्रिका गावची. लुगारेखोची तंगडी मधोमध टेबलावर होती. पहिली चकती रेमिख्योनं उबाल्दिनाला दिली नि तिच्या खुर्चीशेजारी उकिडवा बसला.

"आता तरी सांग मावशी. कसं कळलं?"

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच तिला सांगून टाकावंसं वाटलं. सूप गरम होतं, हॅम खारट नि गोड होता, आणि फिदेन्स्यो कुणाला तरी आपण तिला नदीवर कसं नेलं ते सांगत होता.

"एप्रन धुतला," ती म्हणाली.

अख्खा बार हसला. रेमिख्यो तर डोळे पुसायला लागला. म्हातारी सांगायची नाही म्हणजे नाही, असं म्हणून त्यानं तिचा ग्लास भरला. तिनं दोन-चारदा सगळ्यांकडे बघितलं, मग तीही हसली. खरं सांगून बघितलं होतं, आता तिच्यावर काही बाकी नव्हतं.

"एवढं कर," ती त्याला म्हणाली. "पुलाला पुन्यांदा हात लावू नको. कोळ्यांनाबी पोटं हायत."

सोमवारी पाव आणायला जाताना कठड्यावर तीन कोळिष्टकं होती, वेडीवाकडी, पण होती. तिनं चष्मा पुसून ती वाचली. राखी, राखी, एक पिवळट. मग इकडंतिकडं बघून ती पुलाच्या बाजूनं खाली उतरली, पावाची पिशवी गवतावर ठेवली आणि खिशातून भांडी पुसायचं फडकं काढलं. ते धुऊन झालं, पिळून झालं, बोटं अजून हलत होती. तिनं तेच फडकं पुन्हा धुवायला घेतलं आणि अर्ध्यात बोटं बधिर झाली.

मेच्या पहिल्या आठवड्याचं पाणी. फार तर दुसऱ्या.