आईकडून आलेला जीन
तेर गावच्या पाहुण्यांनी सुपारी फोडून मग सोयरीक मोडली, माझ्या मुलीला फसवलं. नव्या साडीच्या खळीचा वास आला की मला तो दिवस आठवतो, कारण तिला नेसवलेली साडीसुद्धा त्यांनी परत मागितली होती. माझी दृष्टी विसाव्या वर्षी गेली. तेव्हापासून कळंबच्या बाजारात तूर चिमटीत धरून मी भाव ठरवतो. माझ्यासारखी उद्या त्यांची नातवंडंही आंधळी होतील, असं कुणीतरी पाहुण्यांच्या मनात भरवलं. मी तपासणीचा रिपोर्ट घेतला आणि आईचा हात धरून त्यांच्या ओसरीवर गेलो. मुलाचा बाप म्हणाला, “पाव्हणं, कागद ऱ्हाऊ द्या. रक्त बापाचंच असतंय न्हवं?” माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, “न्हाय! पेशीला ताकद देणारा जीन बिघडला म्हणून माझं डोळं गेलं. ह्यो जीन आईकडूनच येतो. बापाकडून पोरांना जात न्हाय, डॉक्टरनं लिहून दिलंय!” माझ्या हातातून आईचा हात हळूच सुटला. तिला हे मी कधीच सांगितलं नव्हतं. सोयरीक मोडली ती मोडलीच. अजूनही मला जेवायला वाढताना आई म्हणते, “चुकलं रं लेकरा माझं.” तिचं काय चुकलं, ते त्या पाहुण्यानं माझ्या दारात येऊन तिला सांगावं.