कस्मुरीने दार काढलं

समुद्राच्या बांधाला भगदाड पडलेलं पाहून कस्मुरी धावत सुटला आणि त्याने मशिदीच्या ओट्यावर टांगलेलं पोकळ लाकूड बडवलं. बडवलं ते चुकीचं. संकटाचे ठोके एका दमात, धडाधड द्यायचे असतात. कस्मुरीला धाप लागली होती. त्याने एक ठोका दिला, थांबला, दम खाल्ला, मग दुसरा दिला. असे संथ ठोके देमाकच्या किनाऱ्यावर एकाच कारणासाठी पडतात: गल्लीतलं कुणीतरी गेलं.

बघता बघता गल्ली गोळा झाली. बायकांच्या कमरेवर दुखवट्याच्या तांदळाची घमेली, पुरुषांच्या डोक्यावर काळ्या टोप्या, अंगावर ठेवणीतल्या लुंग्या. सगळे लांब चेहरे करून थेट म्हाताऱ्या म्बाह मशादींच्या, म्हणजे मशादी आजोबांच्या, घराकडे निघाले, कारण जाण्याच्या वयाचे तेवढे एकच होते. तर समोरून म्बाह स्वतःच येत होते, टोपी घालून, हातात तांदळाची पुरचुंडी.

"कोण गेलं रे?"

"आम्हाला वाटलं, तुम्हीच," शेजारचा सलामुन म्हणाला.

"मग मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"कुणी गेलेलं नाही!" कस्मुरी ओरडला. "बांध चाललाय! संध्याकाळच्या भरतीच्या आत बुजवला नाही तर गल्ली गेली!"

त्याची बायको रुकाया कपाळावर हात मारून म्हणाली, "गल्लीचा प्रमुख होऊन रमजान उलटला, अजून ठोके येत नाहीत मेल्याला."

लोक हसले, कपडे बदलून येतो म्हणाले आणि निम्मे आलेच नाहीत. त्यांनाही काय बोलणार? समुद्र दरवर्षी वर चढतो, म्हणून माणसं घरातली जमीन मुरूम टाकून उंच करत राहिली. छप्पर तिथल्या तिथेच. आता प्रत्येकजण आपल्याच घरात वाकून शिरतो. बरीच घरं तर रिकामी झाली होती. सलामुनने सकाळीच सांगून टाकलं होतं, "या वेळी पाणी आत आलं तर मी पोराबाळांना घेऊन सेमारांग शहरात चाललो." आणि सलामुन गेला की मागोमाग सगळे जाणार, हे कस्मुरीला पक्कं ठाऊक होतं. मग प्रमुख राहणार तो खेकड्यांचा.

तसा तो प्रमुख झाला होता कसा, तर निवडीच्या बैठकीला गैरहजर राहून. त्या दिवशी तो खेकडे विकायला बाजारात गेला होता. परतला तेव्हा लोक हार्दिक अभिनंदन करत होते. प्रमुखपण कसं करतात हे कुणी शिकवलं नाही, म्हणून त्याने ते आधीच्या प्रमुखांकडून उचललं. जुन्या कपड्यांच्या ढिगातून अंगाला येईल ते ओढून काढावं, तसं.

आधी त्याने हाजी दुलमनानांचा आवाज काढून पाहिला. हाजी एकदा गरजले की माणसं जेवणावरून उठत. कस्मुरी गरजला, "उठा रे आळशांनो!" आणि त्याला ठसकाच लागला. बांधावर बसलेल्यांनी त्याला पाणी पाजलं, पाठ चोळली आणि पुन्हा विड्या पेटवल्या.

मग झैनुरींची सबुरी. ते सगळ्यांचं ऐकून घेत, सगळ्यांना बोलू देत. कस्मुरीने सगळ्यांना बोलू दिलं. वाळूची पोती आधी डावीकडून लावायची की उजवीकडून, यावर चहा झाला, तळलेली केळी झाली, दोन जुनी भांडणं उकरून निघाली. पाणी तेवढं कुणाचं ऐकत नव्हतं.

उरले म्बाह मशादी. त्यांची गोष्ट गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ: फार वर्षांपूर्वीच्या मोठ्या भरतीत त्यांनी म्हणे स्वतःच्या घराचं दार उपटून भगदाडात लावलं होतं, आणि ते पाहून सगळी गल्ली पाण्यात उतरली होती.

कस्मुरी घरी गेला आणि बिजागऱ्या काढू लागला.

"अहो, वेड लागलंय का?" रुकाया किंचाळली. "ते माझ्या बापाने दिलेलं सागवान आहे!"

"म्हणूनच टिकेल."

तो दार पाठीवर घेऊन आला तेव्हा मात्र सगळे उठले. पाण्यात उतरले. सलामुनने खांदा लावला, रुकायाने शिव्या देत देत पोती भरली, बायकांनी तांदळाच्या घमेल्यांतून चिखल वाहिला. दार उभं राहिलं. कस्मुरीला वाटलं, जमलं.

मग भरती आली. दार आधी करकरलं, मग आडवं झालं आणि अर्धा बांध सोबत घेऊन गल्लीच्या मधोमधून, घरामागून घर ओलांडत निघून गेलं. पाणी चुलींवर चढलं. कोंबड्या कौलांवर बसल्या.

"रागवू नकोस, मुरी," सलामुन हळूच म्हणाला. "उद्या निघतो मी. पोरं लहान आहेत रे." आणि सामान बांधायला गेला.

कस्मुरी छातीभर पाण्यात तसाच उभा राहिला. फुटलेल्या बांधाच्या टोकावर म्बाह मशादी एकटेच ओल्या पोत्याचं तोंड दोरीने आवळत बसले होते. तो त्यांच्याजवळ गेला.

"म्बाह, खरं सांगा. माझं काय चुकलं? तुमचं दार कसं टिकलं होतं?"

म्हाताऱ्याने गाठ दातांनी ओढली.

"टिकलं कुठे? ते तर तुझ्या दारापेक्षाही लवकर वाहून गेलं होतं."